दोन ट्रकांचा थांबा

माझी बायको गेली तेव्हा विहारात सगळ्यात जास्त रडला तो सिद्धप्पा. मला त्या दिवशी रडू आलंच नाही, आणि तो तिसऱ्या रांगेत बसून रुमाल भिजवत होता. माझ्या सासूनं, मीनाबाईंनी, मला हळूच विचारलं, "ह्यो कोण?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवाला." त्यापेक्षा जास्त मला सांगायचं नव्हतं.

बायकोचं नाव धम्मप्रिया. मी धम्मा म्हणायचो. मी ट्रक चालवतो. सोलापुरातून टॉवेल आणि चादरी भरून हैदराबाद, विजयवाडा, येताना मिळेल तो माल. ती घरी बसून व्यापाऱ्यांची बिलं टाइप करायची. त्या कामासाठी तिनं सात रस्ता चौकातल्या सिद्धप्पाच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. सिद्धप्पा मूळचा अक्कलकोटचा. माझ्याच वयाचा, दिसायला बरा, बोलायला तर माझ्याहून पुष्कळ बरा. लॅपटॉप नीट चालतो हे दाखवायला त्यानं तिला एक खेळ लावून दिला. ट्रक चालवायचा खेळ. मुंबई, पुणे, सोलापूर, हैदराबाद असा महामार्ग. माल भरायचा, डिझेल भरायचं, टोल द्यायचा आणि जायचं. जे मी पोटासाठी करत होतो ते ती मजेसाठी करायला लागली.

तिला गाडी लागायची, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. थोडीथोडकी नाही. एसटीत बसली की मोहोळ यायच्या आत पिशवी हातात. ओवा, लिंबू, आलं, गोळ्या, सगळं करून झालं होतं. माझ्या केबिनमध्ये बसून एकदा हैदराबादला जायचं अशी तिची फार इच्छा होती. ते कधी जमलं नाही. टेबलावरच्या ट्रकमध्ये मात्र तिला काही होत नव्हतं. ती घाट चढायची, उतरायची आणि वर हसायची. सिद्धप्पानं तिला टेबलाला अडकवायचं एक स्टिअरिंगसुद्धा आणून दिलं. ते स्टिअरिंग मला घरात आल्याबरोबर दिसायचं. चप्पल काढायच्या आधी दिसायचं.

पुढं नुसतं चालवून तिचं भागेना. सिद्धप्पाचा एक गट होता, हौशी लोकांचा; संध्याकाळी ते आपापल्या घरून, माइकवर बोलत, खेळातल्या एकाच रस्त्यावर ट्रक चालवायचे. कंपनीच्या खेळात जे रस्ते नाहीत ते स्वतः बनवायचे आणि त्या खेळाला जोडायचे, असं त्यांचं काम. याला ते मॉड म्हणतात. त्यांच्या मॉडमध्ये आपला जिल्हा होता. अक्कलकोटचा रस्ता सिद्धप्पाकडं, बार्शीचा आणखी कुणाकडं. पंढरपूर ते वेळापूर हा तुकडा धम्माकडं आला, कारण वेळापूर तिचं माहेर.

मी संध्याकाळी धाब्यावरून फोन करायचो.

"जेवलीस का?"

"जेवले. तुमी कुटं हाय?"

"झहीराबाद सोडलं. तू?"

"आमी टेंभुर्णीच्या पुढं. सिद्धप्पा माझ्या मागं हायत."

आमी. खऱ्या रस्त्यावर मी एकटा आणि खोट्या रस्त्यावर ती जोडीनं. त्या 'आमी'पायी मी किती वेळा ताटावरून उठलोय, ते धाब्यावाल्याला माहीत.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला डेंग्यू झाला आणि ती गेली. चाळिशीसुद्धा आली नव्हती.

आमच्याकडं पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसाच्या नावानं, विहारातल्या अभ्यासिकेला काहीतरी देतात. वह्या, पुस्तकं, एखादा पंखा. मी लॅपटॉप दिला. लोक म्हणाले, प्रदीपचं मन मोठं. मन मोठं वगैरे काही नव्हतं. तो उघडला की सिद्धप्पाचे मेसेज वर यायचे, म्हणून मला तो घरात नको होता. अभ्यासिका बघणारे हरिदासमामा आमच्याच गल्लीतले. त्यांनी आठवड्याच्या आत तो पुसून कोरा करून घेतला आणि पोरांच्या परीक्षेच्या सरावाला लावला. धम्माचं सिम मी रिचार्ज केलं नाही, ते आपोआप बंद पडलं. त्याच नंबरावर तिचं खेळाचं खातं होतं. तेही गेलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, विषय संपला.

फेब्रुवारीत मी सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांगेत होतो तेव्हा सिद्धप्पाचा मेसेज आला. 'प्रदीपराव, म्याडमचा रस्ता नव्या नकाशात आला. आजपासून सगळ्यांना खुला. बघून घ्या.'

मी तो तीनदा वाचला. मागचा ट्रकवाला हॉर्न मारत होता. सगळ्यांना खुला. म्हणजे कुठलाही कोण तिच्या रस्त्यानं जाणार. सिद्धप्पा तर किती वेळा जाऊन आला असेल. मी तिचा नवरा, आणि मी तो रस्ता डोळ्यानं बघितलेलाही नाही.

रविवारी दुपारी मी माळ्यावरून स्टिअरिंग काढलं, पिशवीत घातलं आणि अभ्यासिकेत गेलो. पोरं गेलेली होती. हरिदासमामा पेपर वाचत बसले होते.

"जयभीम मामा. तो लॅपटॉप जरा पायजे होता."

"दान दिलेलं परत मागतोस व्हय?"

"परत नाही. हितंच बसतो. दोन तास."

"काय करणार?"

मी पिशवीतून स्टिअरिंग काढलं. मामांनी चष्मा वर केला. "आरं, खरा ट्रक मालकाच्या वाड्यात हुबा हाय आन तू हितं खोटा चालवणार? डोकं बिकं फिरलंय का काय?"

"धम्मानं एक रस्ता बनवलाय. तो बघायचाय."

मामांनी पेपर घडी केला. "मग बस की. पंख्याखाली बस. लॅपटॉप लई तापतोय."

खेळ मी माझ्या नावानं, माझ्या पैशानं विकत घेतला. उतरून यायला बराच वेळ लागला. तोवर मामांनी चहा सांगितला. मग सिद्धप्पानं पाठवलेल्या जागेवरून त्यांचा मॉड उतरवला. तो चालू केला तर पडद्यावर चौकट आली. या मॉडसाठी खेळाचे दोन अधिकृत विस्तार तुमच्याकडं असणं आवश्यक आहे. खाली त्यांची नावं. विस्तार म्हणजे कंपनीनंच नंतर काढलेले जास्तीचे नकाशे, वेगळे विकत घ्यायचे.

माझं डोकं सटकलं. मला वाटलं, ही सिद्धप्पाची खोड आहे. फुकट म्हणून सांगायचं आणि दाराला दोन कुलपं लावायची. माझ्याच बायकोच्या रस्त्याला.

मोबाइलवर एका व्हिडिओत दाखवलं होतं की ती तपासणी बंद करता येते. मी बंद केली. खेळ चालू झाला. सोलापूर दिसलं, नाका दिसला. मी ट्रक मोहोळपर्यंत नेला. मामा मागं उभे राहून बघत होते.

"चांगला चालवतोस की."

"वीस वर्षं तेच करतोय मामा."

मोहोळला पंढरपूरकडं वळायचं होतं. वळायला रस्ताच नव्हता. नुसती राखाडी जागा. आभाळ नाही, जमीन नाही. मी नकाशा उघडला तर लांब कोपऱ्यात एक बारकी रेघ दिसत होती. पंढरपूरपासून वेळापूरपर्यंत. तीच, धम्माची. तिच्या अलीकडं काही नाही, पलीकडं काही नाही. धुण्याच्या दोरीवरून सुटलेल्या एका धाग्यासारखी पडलेली. मी हट्टानं ट्रक त्या राखाडी जागेत घातला. ट्रक खाली पडायला लागला. पडतच राहिला. मग खेळ बंद झाला.

"पडलास की रं," मामा म्हणाले.

मी तिथून उठलो तो सरळ सात रस्त्यावर गेलो. रविवारचं सिद्धप्पाचं दुकान अर्धं शटर ओढून उघडं असतं. तो आत एका कॉम्प्युटरची धूळ झाडत होता. मला बघून उठून उभा राहिला.

"या प्रदीपराव. बसा की. चहा?"

"चहा नको. दोन विस्तार कशाला लागतात तेवढं सांगा. रस्ता तिनं केला, तुमचा मॉड फुकट आहे म्हणता, मग मधे ही अट कुणी घातली?"

"आमी न्हाय घातली. घालावीच लागतंय ती."

"कुणाला अडवायला? मला?"

तो स्टूल ओढून समोर बसला. "हे बघा. कंपनीनं आधी नुसता महामार्ग दिला. मग पहिल्या विस्तारात मोहोळवरनं पंढरपूर, मंगळवेढा हे आतले रस्ते दिले. म्याडमचा रस्ता पंढरपूरच्या नाक्यावर त्या रस्त्याला जोडलाय. तो विस्तार तुमच्याकडं न्हाय म्हणजे नाकाच न्हाय. मग जोडायचं कशाला? उसाची ट्रॉली हाय, पण ओढायला ट्रॅक्टर न्हाय, तसं."

"मग तो नाकापण तुमच्या फायलीत टाकून द्यायचा."

"तो कंपनीचा हाय की. त्यांनी बनवलेला. आमी उचलून वाटायला लागलो तर ती चोरी होतंय. आज ते आमाला काय बोलत न्हाईत, कारण आमचा नकाशा घ्यायचा तर त्यांचा आधी घ्यावा लागतोय. आमी त्यांचा माल फुकट वाटला तर एका दिवसात सगळं बंद करतील. म्याडमचा रस्ता पण."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात सामान हाय. बाभळी, हापसे, पत्र्याची शेडं. आमच्या फायलीत झाड नसतंय प्रदीपराव. आमच्या फायलीत एवढंच लिहिलेलं असतंय की हितं कंपनीची अमुक बाभळ उभी कर. तुमचा कॉम्प्युटर ती स्वतःच्या कोठारात शोधतोय. कोठारात न्हाय म्हणजे बंद पडतोय."

समजत होतं. समजत होतं म्हणूनच राग जास्त येत होता. मला त्याची खोड सापडायला हवी होती.

"थांबा, मी तुमाला दोन्ही पाठवतो. भेट म्हणून," असं म्हणून त्यानं मोबाइल काढला.

"नको," मी म्हटलं. "तिला स्टिअरिंग दिलंत, तेवढं पुरे."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की लागलं. मला ते आवडलं.

"तुमच्यासारखे लई जण बोलतात," तो म्हणाला. "दोन-दोन विस्तार कशाला म्हणून रोज शिव्या घालतात. म्हणून आमी एक हलका नकाशा काढणार हाय. एकाच विस्तारावर चालेल असा. दुसऱ्या विस्तारातलं सामान सगळ्यात जास्त म्याडमच्या थांब्यांवर हाय. ते तेवढे काढले की झालं."

"कसले थांबे?"

"रस्त्याच्या कडेला चार थांबे केलेत. त्यातल्या तिनांवर तर ट्रकसुद्धा मावत न्हाय. अर्धा बाहेर राहतोय. ट्रकच्या खेळात असले थांबे कोण करतंय? मी दहांदा म्हणलो, काढा. तर हे बघा काय पाठवलं."

त्यानं मोबाइलवर एक जुना आवाज लावला. माझी तयारी नव्हती. एकदम धम्मा बोलायला लागली, त्या धुळकट दुकानात. "एकबी काढायचा न्हाय हां सिद्धप्पा. सांगून ठिवते. तितं थांबाय लागतंय." मागं कुकरची शिट्टी झाली. आमचा कुकर. आणि ती हसली.

तिचं ते हसणं त्याच्या मोबाइलमध्ये होतं. माझ्या मोबाइलमध्ये तिचे मेसेज होते ते 'दूध आणा' आणि 'लाइट गेली'.

"अजून हायत," तो म्हणाला. "पाहिजेत का?"

मला हवे होते. मी नाही म्हटलं.

"मी रस्ता बघतो आधी," मी म्हटलं. "तोवर एकही थांबा काढायचा नाही."

"आठवडाभर थांबतो. पण मला कारण सांगा. कारण असलं तर गटातल्या लोकांना सांगता येतंय. माझ्या एकट्याचं चालत न्हाय तितं."

पुढच्या रविवारी दोन्ही विस्तार मी माझे मी घेतले. मामांनी यावेळी पंखा आधीच लावून ठेवला होता. मोहोळला वळण होतं. पंढरपूरचा पूल होता, नदी होती. पलीकडच्या नाक्यावर कंपनीचा रस्ता संपून धम्माचा सुरू होत होता. कुठं जोडलाय ते सहज दिसत नव्हतं. मला दिसलं, कारण पुढं लगेच लागोपाठ तीन गतिरोधक आले. आदल्या वर्षी तिनं मला फोनवर विचारलं होतं, "अहो, वाखरीच्या अलीकडं गतिरोधक किती ओ?" मला वाटलं होतं, माझ्या प्रवासाची चौकशी चाललीय.

वाखरीच्या पुढं रस्त्याकडेला एक वाकडी बाभळ आली. तिच्याखाली थोडी सपाट जागा. ट्रक तिथं मावत नव्हता. मागचा अर्धा भाग रस्त्यावर राहिला. मावणार कसा? ती जागा ट्रकसाठी नव्हतीच.

लग्नानंतर तिला पहिल्यांदा माहेरी नेलं ते मालकाचा छोटा हत्ती, तो बारका टेम्पो, मागून घेऊन. याच बाभळीशी तिनं माझा हात धरला आणि मी करकचून ब्रेक लावला. ती दार उघडून पळाली आणि झाडाला धरून ओकली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी, आणि मला म्हणते, "आईला सांगू नका हां. म्हणंल, पोरगी अजून तशीच हाय."

भंडीशेगावच्या पुढं दुसरा थांबा. तिथं हापसा. मी हापसायचो आणि ती चूळ भरायची, तोंडावर पाणी मारायची. तोंडल्याजवळ तिसरा. पत्र्याचं शेड, आत बाकडं. तिथं उन्हाळ्यात रसवाला असायचा. रसाचा वास तिला सोसायचा नाही, पण लिंबू पिळून मीठ घातलेलं पाणी ती तिथं बसून प्यायची आणि चेहऱ्यावर रंग येईपर्यंत मी बसून राहायचो. दरवर्षी जाताना हे तीन थांबे, येताना हेच तीन. तिनं सगळे बरोबर जिथल्या तिथं ठेवले होते. एका छोट्या हत्तीपुरते.

सिद्धप्पाला यातलं काही माहीत नव्हतं. शंभरदा गेला असेल त्या रस्त्यानं, पण त्याला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. मी तिथं अभ्यासिकेत बसून एकटाच हसलो. मामांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

मग कालवा आला. वेळापूर दिसायला लागायच्या आधीचा. पुलाच्या अलीकडं चौथा थांबा. तो लांबरुंद होता. दोन ट्रक शेजारी शेजारी उभे राहतील असा. मधे पांढऱ्या पट्ट्यानं जागा वेगळ्या केलेल्या. कडेला एकच बाक.

तिथं आम्ही कधीच थांबलो नव्हतो. तोंडल्यानंतर तिला बरं वाटायचं. मग आम्ही सरळ घरी जायचो.

दोन ट्रकांचा. माझं हसणं थांबलं. मी स्टिअरिंग सोडलं आणि तिथंच बसून सिद्धप्पाला फोन लावला.

"कालव्याजवळचा थांबा कुणाचा?"

"कुठला म्हणता?"

"बाकीच्यांवर एक ट्रक मावत नाही आणि हा दोन ट्रकांचा. कुणाचा ते सांगा."

"तुमचाच की तो."

"माझा कसा? मी त्या जागी आयुष्यात थांबलो नाही."

"तुमी संध्याकाळी फोन करायचा न्हाय का? तेव्हा आमी गटातले सगळे त्यांचा रस्ता तपासायला त्याच्यावरच चालवत असायचो. तुमचा फोन आला की म्याडम ट्रक आहे तितं रस्त्यातच उभा करायच्या. मागनं येणारा ठोकायचा. एकदा चार जण एकावर एक चढले. मी म्हणलो, म्याडम, नंतर करा की फोन. तर म्हणाल्या, त्यांचा फोन मी ठेवत नसते. मग त्यांनी तो थांबा बनवला. फोन आला की ट्रक तितं घ्यायच्या आन माइक बंद करायच्या."

"आणि दुसरा ट्रक?"

"माझा. मी शेजारी लावून बसायचो."

"किती वेळ?"

"तुमी बोलाल तेवढा वेळ."

"पुढं जायचं होतं तुम्ही."

"एकटा पुढं जाऊन काय करणार? मला काय ऐकू येत नसायचं. नुसता त्यांच्या ट्रकचा लाल दिवा दिसायचा." मग तो म्हणाला, "खरं सांगू का प्रदीपराव, तुमचा लई राग यायचा मला. जेवलीस का, एवढं विचारायला माणसाला अर्धा तास लागतोय?"

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बरं वाटलं, इतकं बरं गेल्या सहा महिन्यांत वाटलं नव्हतं. धाब्यावर मी ताटावरून उठत होतो तेव्हा तो तिकडं त्या बाकासमोर इंजिन बंद करून बसलेला होता.

"आता तुमी सांगा," तो म्हणाला. "ते तीन बारके थांबे कसले? उद्या गटाला कळवायचंय. कारण असलं तर ठेवतो, नसलं तर हलक्या नकाशासाठी काढतो."

सांगितलं असतं तर काम झालं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मग ती बाभळ त्याचीही झाली असती. पुढच्या वेळी तो तिथून जाताना धम्माला झाडाला धरून उभी बघणार. ओकताना, रडवेली. मला ते चालणार नव्हतं. आणि तिनं आईला सांगू नका म्हटलं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मीनाबाईंनासुद्धा नाही.

"तिनं सांगितलंय की तुम्हाला," मी म्हटलं. "तितं थांबाय लागतंय."

"का पण?"

"थांबाय लागतंय. काढायचे नाहीत."

"म्हणजे तुमाला माहीत हाय."

मी स्टिअरिंग परत हातात धरलं. मागं मामा पेपर उलटत होते.

"सांगणार न्हाय," तो म्हणाला.

"नाही."

"मग हलका नकाशा होत न्हाय बघा. दोन्ही विस्तार लागतात असंच ठेवावं लागंल. लोक शिव्या घालतील मला."

"घालू द्या."

"तुमाला काय जातंय म्हणायला," तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, "बरं. ठेवतो."

त्यानं शब्द पाळला. मॉडच्या पानावर लोक अजून विचारतात, जिल्ह्याचा नकाशा चालवायला कंपनीचे दोन-दोन विस्तार कशाला? ज्या थांब्यावर ट्रक मावत नाही त्याच्यासाठी आम्ही खर्च का करायचा? सिद्धप्पा प्रत्येकाला उत्तर देतो. रस्ता कंपनीच्या रस्त्याला जोडलाय, सामान कंपनीचं आहे, ते आम्हाला वाटता येत नाही. सगळं खरं लिहितो. मी धाब्यावर बसून ती उत्तरं वाचतो. खरं कारण त्यालाही माहीत नाही, हे दरवेळी मनात येतं आणि जेवण गोड लागतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "प्रदीपराव, रविवारी एकदा जाऊ या का वेळापूरला? तुमी आन मी. तुमी अभ्यासिकेतनं या, मी दुकानातनं."

मी नाही म्हणणार होतो. पण मी नाही म्हटलं तरी तो एकटा जाणारच होता.

"पुढं मी राहणार," मी म्हटलं. "तुम्ही मागं."

"चालतंय की."

मामांनी हेडफोन शोधून दिला, कुणा पोराचा. सोलापुरातून निघालो. तो मागं होता. फार बोलत होता. अमुक पूल कुणी केला, तमुक वळण कसं चुकलं होतं. मी हूं हूं करत होतो. बाभळीशी मी ट्रक हळू केला, हापशाशी केला, शेडाशी केला. तो काही विचारायला लागला की मी गिअर बदलायचो.

कालवा आला. मी थांब्यात घुसलो आणि ट्रक आडवा लावला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, दोन्ही जागा अडवून. इंजिन बंद केलं.

"प्रदीपराव," हेडफोनमधून सिद्धप्पा म्हणाला, "जरा पुढं घ्या की. मला जागा द्या. मी रस्त्यात हाय, मागनं कोणतरी ठोकतंय."

"थांबा," मी म्हटलं. "मी फोनवर हाय."

आणि माइक बंद केला. मामांनी पेपरावरून माझ्याकडं बघितलं. माझा मोबाइल समोर टेबलावर पडलेला होता. पडद्यावरच्या ट्रकच्या आरशात त्याच्या ट्रकचे दिवे दिसत होते. ते बराच वेळ तसेच राहिले. मग त्यानंही इंजिन बंद केलं.